पात्याच्या मुळाशी कोरलेले गाव

घडीचा चाकू हाती आला की आपण आधी पाते उघडून धार पाहतो, मग मूठ तळहातात बसते का ते अजमावतो आणि मग किंमत विचारतो. पण पाते मुठीतून जिथे बाहेर येते, त्या धार न लावलेल्या इवल्याशा सपाट जागेवर जी बारीक अक्षरे ठसवलेली असतात, तिथे आपली नजर क्वचितच थबकते. या अक्षरांकडे आज आपण जरा निवांतपणे पाहू. कुठे ‘सोलिंगेन’ असे लिहिलेले असते, कुठे ‘शेफील्ड’, कुठे नुसते देशाचे नाव, तर कुठे एखादा मुकुट, एखादा हात, एखादा तारा. हल्ली आपल्याकडे आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देश छापावाच लागतो, त्यामुळे घेणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतोच: हा चाकू अमुक देशात झाला, याने काही फरक पडतो का? मला विचाराल तर पडतो, आणि तो कुठे नि कसा पडतो हे शोधत जाण्यात चाकूच्या रसिकाला मोठा आनंद आहे. त्या आनंदाची वाट मात्र वेष्टनावरून जात नाही. ती पात्याच्या मुळाशी असलेल्या त्या अक्षरांपासून निघते.

वस्तूवर तिच्या देशाचे नाव असावे, या रिवाजाला कायद्याचे बळ मिळाले त्या कथेत चाकू अगदी मध्यभागी आहे, ही गोष्ट मला फार रम्य वाटते. इंग्लंडातल्या शेफील्डची कीर्ती पोलादावर उभी होती. तिथल्या चाकूवाल्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला, आणि प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण नोंदवून ठेवणे हे त्या संघाचे एक मोठे काम होते. खूण म्हणजे इभ्रत. पाते वाकले, धार बसली, तर बोट कोणाकडे दाखवायचे हे त्या खुणेवरून कळे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनचे कारखानदार स्वस्त चाकू-कात्र्या बनवून त्यांवर शेफील्डचे नाव ठोकू लागले, तेव्हा शेफील्डकरांनी काहूर केले. त्यातून १८८७ चा ब्रिटिश कायदा आला: परदेशी मालावर इंग्रजी वाटेल असे नाव वा खूण असेल, तर तो माल खरा कुठे झाला हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. ‘जर्मनीत बनलेले’ हे शब्द अशा रीतीने मालावर आले ते डाग म्हणून. आणि मग काय घडले ते पाहा. जर्मन कारागिरांनी तो डाग पुसायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी आपला माल सुधारला. १८९६ साली लंडनमध्ये ई. ई. विल्यम्स यांचे ‘मेड इन जर्मनी’ हेच नाव धारण करणारे पुस्तक निघाले, ते जर्मन मालाच्या धास्तीने. ज्या शब्दांनी गिऱ्हाइकाला सावध करायचे, तेच शब्द पुढे गिऱ्हाईक शोधू लागले.

या कथेचा उत्तरार्ध तर अधिकच चवीचा आहे. ज्या सोलिंगेनने दुसऱ्या गावाचे नाव उचलले, त्याच सोलिंगेनला आपल्या नावाचे मोल इतके जाणवले की १९३८ साली त्या नावाच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. घडवणीचे मुख्य टप्पे सोलिंगेनच्या परिसरात पार पडलेले असावेत आणि कामाला योग्य असे साहित्य वापरलेले असावे, तरच पात्यावर ते नाव. इथे एक बारकावा आपल्या ध्यानात यावा. कायद्याने राखले ते देशाचे नाव नाही, गावाचे आहे. वुपर नदीच्या पाण्यावर ज्या सहाणा फिरल्या, ज्या गल्ल्यांत बापाच्या हातून मुलाच्या हातात घासणीची कला गेली, त्या एका लहानशा भूभागाचे ते नाव. देश हे चाकूसाठी फार मोठे माप आहे.

आता एक चाकू आपण खरोखरच हातात घेऊ. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातला ओपिनेल, आठ नंबरचा. साडेआठ सेंटिमीटरचे पाते, बीच लाकडाची गोलसर, शेवटाकडे किंचित वळलेली मूठ, गळ्याशी पोलादाची एक फिरती कडी, आणि बस. एवढ्या थोड्या गोष्टींत वस्तू पुरी होते, हे पाहूनच मन प्रसन्न होते. जोझेफ ओपिनेल हा आल्प्सच्या कुशीतल्या मोरिएन खोऱ्यातला मुलगा. त्याचे वडील शेतकऱ्यांसाठी कुऱ्हाडी, कोयते अशी हत्यारे बनवत. १८९० साली, अठराव्या वर्षी, त्याने मित्रांसाठी हा खिशातला चाकू घडवला. १८९७ पर्यंत त्याने बारा मापे ठरवली, एकपासून बारापर्यंत. पुढे एक आणि अकरा हे आकडे गळाले, बाकीची माळ आजही चालू आहे. आठ नंबर हा त्यातला सर्वांच्या हाताचा. सफरचंद सोलावे, पावाचा तुकडा पाडावा, दोरी कापावी, बसल्या बसल्या काठी तासावी, या सगळ्या कामांत पातळ पाते विनातक्रार शिरते. जाड पात्याचे दिमाखदार चाकू फळ कापत नाहीत, फोडतात.

पात्यावरची खूण पाहा. एक हात, आशीर्वादासाठी उचललेला, आणि त्यावर एक मुकुट. फ्रान्सचा राजा नववा शार्ल याने १५६५ साली प्रत्येक चाकूवाल्याने आपापली खूण ठोकावी असा हुकूम काढला होता. त्या जुन्या रिवाजाला अनुसरून जोझेफने १९०९ मध्ये ही खूण निवडली. हात आला तो जवळच्या सेंट-झाँ-द-मोरिएन या गावाच्या राजचिन्हातून. तिथल्या प्रार्थनामंदिरात बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या बोटांचे अवशेष आहेत अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि त्या बोटांचीच सावली या हातावर पडली आहे. मुकुट आला तो साव्वाच्या ड्यूकांचा. साव्वा फ्रान्सला जोडला गेला १८६० साली; म्हणजे जोझेफचा जन्म झाला तेव्हा ते जुने राज्य नकाशावरून जाऊन बारा वर्षे लोटली होती. तरी त्याने मुकुट ठेवला. वेष्टनावर ‘फ्रान्स’ छापलेले असते, आणि पात्यावर मात्र फ्रान्सच्या आधीच्या एका राज्याची आठवण कोरलेली असते. एवढ्याशा, नखाएवढ्या चित्रात एक खोरे आपली श्रद्धा आणि आपला इतिहास दोन्ही जपून ठेवते, हे मला विलक्षण लोभस वाटते.

आणि तरीही हा चाकू केवळ त्या खोऱ्याचा आहे का? पात्याचा आकार पाहा. पाठीची रेघ टोकाशी हलकेच वर उचललेली. या घाटाला यातागान म्हणतात, आणि तो तुर्की तलवारीवरून आलेला. बिनगंजी पात्याचे पोलाद सांडविक या स्वीडिश कंपनीच्या घराण्यातले. लाकूड बीचचे, साधे, फिकट, बारीक ठिपक्यांचे, ज्यावर वापरणाऱ्याच्या हाताचे तेल हळूहळू मधाचा रंग चढवते. तुर्की वळण, उत्तरेचे पोलाद, आल्प्सची मूठ: मग साव्वाचे यात उरले काय? माझ्या मते उरले ते या तिन्हींना एकमेकांत बसवण्याचे माप. जोझेफने मुठीत पात्याची खाच पाडण्यासाठी स्वतः यंत्र तयार केले. ती खाच किती खोल, किती रुंद, लाकूड कुठे जाड राखायचे आणि कुठे तासायचे, याचे शहाणपण त्या कारखान्यात मुरत गेले. पोलाद विकत आणता येते. हे मुरणे विकत आणता येत नाही.

गळ्याशी जी कडी आहे ती १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी जोडली. त्याआधीचा चाकू नुसत्या लाकडाच्या आवळणीवर उभा राही. बोटावर मिटण्याची भीती असे. कडीला एक चीर आहे. कडी फिरवली की चीर पात्यापासून दूर सरते आणि पाते जागच्या जागी अडते. स्प्रिंग नाही, खटका नाही. फक्त एक वलय, जे अंगठ्याने वळते आणि वळताना बारीकसा कुरकुर आवाज करते. यांत्रिक कल्पनेत इतकी मितव्ययी, इतकी नितळ गोष्ट क्वचित आढळते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या चाकूला १९८५ मध्ये उत्तम घडणीच्या वस्तूंमध्ये मानाने मांडले, ते उगीच नव्हे.

पण या लाकडाचा एक स्वभाव आहे, आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाने तो जरूर जाणून घ्यावा. बीच लाकूड ओल पिते. पावसाळ्यात मूठ फुगते, खाच आवळते, आणि पाते नखाच्या खाचेला दाद देत नाही. साव्वाच्या डोंगरातही पाऊस-बर्फ भरपूर, त्यामुळे तिथल्या लोकांनी एक युक्ती काढली: कडी मोकळी करायची आणि मुठीची शेपूट टेबलाच्या कडेवर किंवा दगडावर हलकेच आपटायची, पाते आपसूक थोडे बाहेर येते आणि मग बोटांनी धरून उघडता येते. ‘साव्वाचा ठोका’ म्हणून ही युक्ती फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहे. आता विचार करा, आषाढातल्या मुसळधार दिवशी रत्नागिरीच्या पडवीत बसून कोणी हा चाकू उघडायला असा ठोका मारतो, तेव्हा तो त्या दूरच्या डोंगरी लोकांची हातवळणाची सवय नकळत शिकलेला असतो. चाकू कुठे बनला याचा फरक पडतो तो इथे. गाव तुमच्या मनगटात येऊन राहते.

स्विस चाकूकडे मी थोडक्यातच वळतो, कारण त्याची लाल मूठ आणि पांढरा क्रूस सर्वांच्या परिचयाचा. मात्र त्याच्या जन्मकथेतली एक गोष्ट इथे आपल्याला फार उपयोगी आहे. स्विस सैन्याला घडीचा चाकू द्यायचे ठरले तेव्हा एवढा माल पुरवण्याची ऐपत देशातल्या एकाही कारखान्यात नव्हती. १८९१ मधला पहिला माल आला तो सोलिंगेनहून. स्विस सैनिकाचा पहिला चाकू जर्मन होता! श्विझ परगण्यातल्या ईबाख गावच्या कार्ल एल्सनरला हे सलले. त्याने देशातल्या चाकूवाल्यांना एकत्र केले, सैन्याचे काम मिळवले, आणि जर्मन मालाच्या स्वस्ताईपुढे बाकीचे मागे हटल्यावरही दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन तो टिकून राहिला. मग १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला, ज्यात एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना हत्यारे बसवलेली होती. ही युक्ती आपण डोळे भरून पाहावी: पोलादाची एकच पट्टी, एका बाजूने पात्याला आवळते आणि दुसऱ्या बाजूने बूच काढण्याच्या स्क्रूला. एका ताणात दोन कामे. म्हणून तो चाकू इतका सडपातळ राहू शकला. आज स्विस कायद्याप्रमाणे कारखान्यातल्या वस्तूला ‘स्विस’ म्हणवून घ्यायचे तर निर्मितीच्या खर्चातला किमान साठ टक्के भाग त्या देशात झालेला असावा लागतो. २०१७ पासून हा नियम आहे. मला हा आकडा रुक्ष वाटत नाही. देशाचा अंश टक्क्यांत मोजायची वेळ येते, यावरून त्या शब्दाला किती लोक हात घालू पाहतात हे कळते.

हात घातल्यावर काय होते, याची करुण आणि सुंदर कहाणी म्हणजे लायोल. फ्रान्सच्या मध्यदक्षिणेला ऑब्राकचे पठार आहे, गुराख्यांचे, चीजचे, थंड वाऱ्याचे. तिथल्या लायोल गावात १८२९ च्या सुमारास कालमेल्स नावाच्या कारागिराने जो चाकू घडवला, तो आज जगातल्या सर्वांत देखण्या घडीच्या चाकूंपैकी एक मानला जातो. त्याची कंबर पाहा: मूठ मधे बारीक, मग एक हलका फुगवटा, मग पुन्हा निमुळती, तळहाताच्या रेषांना जणू विचारून काढलेली. १८८० च्या सुमारास त्याला बूच काढायचा स्क्रू जोडला गेला, कारण ऑब्राकची माणसे कामासाठी पॅरिसला जाऊन तिथे उपाहारगृहे चालवू लागली होती. मुठीत काही चाकूंवर पितळी खिळ्यांचा क्रूस दिसतो. डोंगरावर प्रार्थनामंदिर नसे, तेव्हा मेंढपाळ चाकू पावात वा मातीत उभा रोवत आणि त्या क्रूसासमोर प्रार्थना करत, असे सांगतात. आणि स्प्रिंगच्या टोकाशी, पात्याच्या गळ्याशी, एक माशी. बसलेली मधमाशी, पंख मिटलेली. नेपोलियनने ही माशी बहाल केली अशी दंतकथा आहे. पण तो १८२१ मध्येच वारला आणि चाकू त्यानंतरचा, तेव्हा दंतकथा तिच्या जागी गोड राहू द्यावी.

माशी मात्र नीट पाहावी. उत्तम लायोलमध्ये ती स्प्रिंगच्याच पोलादातून ठोकून काढलेली असते. मागची पट्टी आणि माशी यांच्यात सांधा नसतो, पोलादाचा एकच प्रवाह माशीपाशी येऊन रुंदावतो आणि मग कारागीर कानशीने पंखांच्या रेषा ओढतो. पट्टीच्या पाठीवरची नक्षीही कानशीचीच, त्यामुळे कुठे पान किंचित मोठे, कुठे रेघ थोडी खोल. स्वस्त नकलेत माशी वेगळी ओतून वितळजोडाने चिकटवलेली असते आणि दोन चाकूंवरच्या माश्या अगदी जुळ्या असतात. पैठणीच्या पदरावरचा मोर येवल्याच्या मागावर विणलेला की छापलेला, हे आपण कापड उलटून पाहतो. तशीच ही माशी पाठीवरून पाहावी.

आता कहाणीतला पेच. लायोल हे गाव लहान. मागणी वाढली तशी घडवणी विसाव्या शतकाच्या आगेमागे तियेर शहरात गेली. तियेर हे चाकूंचे फार जुने शहर, द्युरोल नदीच्या खळाळत्या घळीत वसलेले. पाणचक्कीवर फिरणाऱ्या सहाणेच्या वर फळीवर पालथे पडून कामगार पाती घासत. नदीची ओल आणि हिवाळ्याची थंडी हाडांत शिरे म्हणून त्यांच्या पायांवर कुत्री निजलेली असत. सहाणेच्या पिवळ्या चिखलाने पोट माखे, आणि त्यावरून त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणत. हे चित्र एकदा मनात आले की मग कोणत्याही पात्यावरची घासणीची रेघ आपण पूर्वीसारखी पाहू शकत नाही. तियेरच्या या पालथ्या माणसांनी शतकभर लायोल चाकू घडवले. तेव्हा त्यांचे लायोल खोटे आहेत असे कोणत्या तोंडाने म्हणावे? लायोल गावात १९८७ मध्ये कारखाना पुन्हा उभा राहिला. फिलिप स्टार्क यांनी त्याची इमारत रचली आणि छपरावर एक अतिप्रचंड पाते आकाशात उभे केले. पण तोवर नाव सैल झाले होते. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एकाने ‘लायोल’ हे नाव कपड्यांपासून कितीतरी वस्तूंसाठी नोंदवून घेतले, आणि परदेशांत बनलेल्या सुऱ्या-चाकूंवर ते नाव फिरू लागले. २०१२ मध्ये गावाने निषेध म्हणून वेशीवरची आपल्याच नावाची पाटी उतरवली. न्यायालयीन झगडे पुढेही चालले.

माझे मत इथे मी स्पष्टच मांडतो. दुसऱ्या देशात लायोलच्या घाटाचा चाकू कोणी मन लावून बनवला आणि त्यावर स्वतःच्या गावाचे नाव घातले, तर मी तो आनंदाने हाती घेईन; घाट सर्वांचे असतात, यातागान नाही का साव्वाला आला! खुपते ते एवढेच की चाकू एका गावचा आणि अक्षरे दुसऱ्या गावची. १८८७ साली शेफील्डला हेच खुपले होते.

जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगो-नो-कामी हा मला या सगळ्यांत सर्वांत निरागस वाटतो. पितळेचा वा लोखंडाचा एक पत्रा मधोमध दुमडला की झाली मूठ. पात्याच्या बुडाला एक छोटीशी शेपटी बाहेर आलेली, तिला चिकिरी म्हणतात. अंगठा तिच्यावर ठेवला की पाते उघडते आणि काम करताना तोच अंगठा पात्याला मिटू देत नाही. खटका म्हणजे तुमचा स्वतःचा अंगठा. पात्यात मधे कठीण पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड, तलवारीच्या परंपरेतली ही जोडणी शाळकरी मुलांच्या पेन्सिली तासण्यासाठी वापरली जात होती, हा विचारच किती लोभस आहे! एकेकाळी मिकीत अनेक घरे हा चाकू बनवत, त्यांचा संघ होता आणि नाव संघाचे होते. शाळांतून चाकू हद्दपार झाले, कारखाने मिटत गेले, आणि आता हे नाव अधिकृतपणे ठसवणारे नागाओ हे एकच घर उरले आहे. पितळेवर खोदलेल्या त्या चिनी-जपानी अक्षरांत देशाचे नाव नसते तरी चालते. ते अक्षर ज्या हातोडीखाली उमटले तिचा पत्ता जगात एकच आहे.

त्याच जपानातले सेकी हे दुसऱ्या तऱ्हेचे गाव. तलवारी घडवणाऱ्यांचे गाव, ज्याला १८७६ च्या तलवारबंदीनंतर स्वयंपाकघर आणि खिसा यांच्याकडे वळावे लागले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोची स्पायडर्को कंपनी आपले कितीतरी चाकू सेकीत बनवून घेते. १९९० पासूनचा डेलिका त्यातलाच. त्याच्या पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक आहे आणि एकाच हाताने तो उघडतो. या कंपनीची गंमत अशी की कुठला चाकू कुठे झाला हे ती लपवत नाही: सेकीचा असेल तर सेकी, तैवानमधल्या ताइचुंगचा असेल तर ताइचुंग, इटलीतल्या मानिआगोचा असेल तर मानिआगो. आणि स्वतःच्या गोल्डन गावच्या कारखान्यातल्या चाकूवर गाव, राज्य, देश कोरून झाल्यावर ती आणखी एक शब्द कोरते: ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी. घराच्या पत्त्यात पृथ्वीचेही नाव घालणारी ही अक्षरे वाचताना मन मोठे होते.

या मोकळेपणाने पाहिले की चीनविषयीचा आपला पूर्वग्रहही सैल होतो. ग्वांगडोंगमधले यांगजियांग हे चाकू-कात्र्यांचे शहर आहे, आणि तिथल्या वी नाइफसारख्या कारखान्यांतून आज टायटॅनियमच्या मुठीचे, सूक्ष्म गोळ्यांच्या बेअरिंगवर पाण्यासारखे उघडणारे चाकू निघतात, ज्यांच्या फटी केसाइतक्याही चुकत नाहीत. पोलाद कित्येकदा अमेरिकेतून आणलेले असते. पोलादाचा खरा कस लागतो तो पाणी देण्यात: बिनगंजी पाते हजार अंशांहून अधिक तापवायचे, झपाट्याने थंड करायचे आणि मग मंद आचेवर त्याचा ठिसूळपणा काढायचा. या क्रियेला राष्ट्रीयत्व नसते. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाची निष्ठा तेवढी असते. देशाच्या नावाने चाकू नाकारणाऱ्याला चांगल्या वस्तूंना मुकावे लागेल. निनावी चाकूपासून मात्र सावध राहावे, ज्यावर गाव नाही, कारागीर नाही, कारखान्याची खूण नाही. कारण त्याच्या पाण्याचा जाब कोणालाच विचारता येत नाही.

राहिले आपले रामपूर. उत्तर प्रदेशातले हे गाव नवाबांच्या काळापासून पात्यांसाठी नावाजलेले. पण मराठी माणसाला ‘रामपुरी’ ठाऊक झाला तो मुंबईच्या हिंदी सिनेमातून आणि वर्तमानपत्रांतल्या गुन्ह्यांच्या बातम्यांतून. खलनायकाच्या मुठीत खटकन उघडणारे ते लांब पाते इतके गाजले की त्यामागचा कारागीर दिसेनासा झाला. लांब पात्यांवर बंधने आली, घडवणारी दुकाने एकेक करून कमी झाली, आणि सुबक खटका बसवणारे हात थोडे उरले. तो खटका ऐकावा असा असतो: स्प्रिंगची पट्टी पात्याच्या खाचेत बसताना येणारा, भरीव, धातूचा एकच स्वच्छ नाद. मुठीवर पितळेची पट्टी, कधी शिंगाचे वा रंगीत तुकड्यांचे जडावकाम, आणि निमुळत्या पात्याची ती किंचित अभिमानी चाल. आपल्या देशातले एक गाव आपले नाव एका पात्याला देऊन बसले आहे, आणि ते नाव आपण भीतीच्या खात्यात जमा केले.

फळे कापायला, टपाल उघडायला, पेन्सिल तासायला पुरेल असा छोट्या पात्याचा, कायद्याच्या मर्यादेत बसणारा रामपुरी आजही बनू शकतो, आणि त्यावर कारागिराचे नाव व गाव कोरून घेता येते. चाकू घेण्याची हौस असलेल्या आपल्या वाचकांपैकी कोणी ओपिनेल घेईल, कोणी सेकीचा डेलिका, आणि दोन्ही उत्तम. पण खिशातला पुढचा चाकू रामपूरहून, घडवणाऱ्याच्या हातून आणि त्याची खूण ठोकून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. भट्टी पेटती आहे तोवरच ते जमेल.